स्टेशन कधी वारलं?

आमच्या घरमालकांना जिवंत माणसाचं वावडं होतं. हे मी भाडेकरू म्हणून बोलत नाही. भाडेकरू हा माणसात मोडतो की नाही, याबद्दल त्यांचं मत मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी बोलतोय ते त्यांच्या धंद्याबद्दल. सांगलीत पेठेमागच्या एका बोळात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्यावरच्या खोलीत मी राहत असे. माधवनगरच्या एका गिरणीचा मी फिरता माणूस. धोतरजोड्यांचे नमुने पेटीत भरायचे, साताऱ्यापर्यंतच्या बाजारगावांतून हिंडायचं, दुकानदारांपुढे ते उलगडायचे आणि बहुतेक वेळा तशीच घडी घालून परत आणायचे, हा माझा उद्योग. मालक मला 'गिरणीकर' म्हणत. त्यात गिरणीचा अपमान होता की माझा, हे ज्याच्या-त्याच्या समजुतीवर.

मालकांचा कॅमेरा सागवानी, तीन पायांवर उभा राहणारा आणि वयानं त्यांच्याहून वडील होता. त्याला खटका नव्हता. भिंगावरचं टोपण हातानं काढायचं, तीनदा 'श्रीराम जयराम जयजयराम' म्हणायचं आणि टोपण परत लावायचं. तेवढ्यात जो हलला तो कॅमेऱ्यातल्या काचेवर धूर होऊन उमटायचा. आता जिवंत माणूस म्हटला की तो हलणारच. निदान डोळे तरी मिटणार. म्हणून मालकांनी खुर्चीच्या पाठीला एक लोखंडी चिमटा बसवला होता, त्यात गिऱ्हाइकाचं डोकं अडकवून ते म्हणत, "श्वास घेऊ नका. पुढं अख्खा जन्म पडलाय श्वास घ्यायला." लग्न ठरलेल्या मुली त्या खुर्चीत बसताना रडत. त्या सासरी जायच्या दुःखानं रडतात, असा मालकांचा समज होता.

त्यांचं खरं गिऱ्हाईक वेगळं. त्या काळी आमच्याकडे लोक जिवंतपणी फोटो काढून घ्यायला बिचकत. आयुष्य कमी होतं म्हणत. मग माणूस गेला की घरच्यांना एकदम आठवण व्हायची, 'अरे, अण्णांचा एक फोटो नाही!' आणि कोणीतरी सायकल दामटत मालकांकडे यायचं. मालक जात. अण्णांना फेटा बांधून खुर्चीत बसवत, खिशातल्या कंगव्यानं मिशा विंचरत, मान जरा उजवीकडे करत आणि निवांत टोपण काढत.

"मयताइतकं समंजस गिऱ्हाईक नाही, गिरणीकर," ते म्हणत. "बस म्हटलं की बसतं. फोटो पाहून 'मी असा दिसतो होय?' असं विचारत नाही. जिवंत माणसाचा फोटो काढणं म्हणजे माशीला उटणं लावणं."

एकदा पाचगणीच्या कुठल्याशा शाळेनं त्यांना पोरांचा गट काढायला नेलं. काचेवर मुख्याध्यापक तेवढे कोरल्यासारखे उमटले आणि त्यांच्या पायाशी महाबळेश्वरचं धुकं पसरावं तशी शाळा. अशा हललेल्या काचा मालक फेकत नसत. ते मूळचे कोकणस्थ. माझ्या खोलीच्या खिडकीची तावदानं सगळी त्याच काचांची होती. सकाळी ऊन आलं की धुरकट नवऱ्या, दोन डोक्यांचे सावकार आणि ती पाचगणीची शाळा माझ्या पांघरुणावर पसरायची. एक तावदान मात्र फुटलेलं होतं आणि तिथून वारा थेट माझ्या कानात यायचा.

"पुढची हललेली काच तुमचीच," मालकांनी मला वचन दिलं होतं.

असा हा माणूस, आणि त्याला नाद होता बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनांचे फोटो काढायचा. युद्ध चालू होतं. कोळसा वाचवायचा म्हणून बारीकसारीक थांबे बंद होत होते. एका फाट्याचे तर रूळच उपटून कुठल्या आघाडीवर नेले होते. लोक वर्तमानपत्रात कोण जिंकतंय ते बघत, मालक कुठलं स्टेशन गेलं ते बघत. बातमी सापडली की चष्मा काढून, समाचाराला आल्यासारखे हळू आवाजात विचारायचे, "कधी वारलं?"

हा नाद का, याचं कारण त्यांनी मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा निराळं. त्यातलं एक मला आवडतं म्हणून तेवढं खरं धरतो. "माणूस गेला तर चार लोक तरी रडतात. स्टेशन गेलं की लोक दुसऱ्या स्टेशनावर जातात."

तिथं गेल्यावर त्यांचे सगळे सोपस्कार ठरलेले. फलाटावर चढण्याआधी वहाणा काढायच्या. मग गुडघे टेकून रुळाला कान लावायचा. ही नाडी. नाडी लागली तर फोटो नाही. नाडी बंद असेल तर पिशवीतून केरसुणी काढून फलाट झाडायचा. माणसाला कंगवा, तशी स्टेशनाला केरसुणी. पाटीवरची अक्षरं पुसट झाली असतील तर पांढऱ्या रंगानं गिरवायची, कारण मयताचं नाव वाचता आलं पाहिजे. तिकिटाच्या खिडकीला झेंडूची माळ. मग फोटो. तिथं पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, आणि सांगलीत परतल्यावर अंघोळ केल्याशिवाय मालकीणकाकू आम्हाला उंबऱ्याच्या आत घेत नसत. पौषातल्या थंडीत, ज्यांच्याशी माझं कसलंही नातं नव्हतं अशा स्टेशनांसाठी मी विहिरीच्या गार पाण्यानं अंघोळी केल्या आहेत.

मालक मात्र पक्के तत्त्वाचे. एका ठिकाणी तिकिटाच्या खोलीत एका धनगराचं बिऱ्हाड होतं. धनगरणीनं खिडकीतून, पूर्वी जिथून तिकीट यायचं तिथूनच, चहाची कपबशी बाहेर सरकवली. मालकांनी मांडलेला कॅमेरा मुकाट्यानं मिटला. "यात धुगधुगी आहे," म्हणाले. मी चहा प्यायलो. त्या दिवशी अंघोळ वाचली.

नवीन मयतं हुडकायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी त्या मार्गावर सतत हिंडणारा. आणि इथं मी पराक्रम केला. साताऱ्याच्या वाटेवर, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर एक चिमुकलं स्टेशन होतं. नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला ओळखतात. त्या स्टेशनावर एकही गाडी थांबलेली मी कधी पाहिली नव्हती. फलाटावर चिटपाखरू नसे. मी मालकांना छातीठोकपणे सांगितलं, "वारलं. मी स्वतः पाहिलंय."

मी ज्या मेलनं जायचो ती तिथं थांबतच नसे, हा मुद्दा मला तेव्हा सुचला नाही.

अलीकडच्या स्टेशनावर उतरून आम्ही एक सायकल भाड्यानं घेतली, तिच्यावर कॅमेरा बांधला आणि ती ढकलत पायी पोचलो. देखावा बघून मला माझाच अभिमान वाटला. माल तोलायच्या काट्यावर एक शेळी उभी होती. दिव्याच्या खांबाला सुगरणीचा खोपा, आणि पाटीवरचं निम्मं नाव उडालेलं. मालकांनी वहाणा काढल्या, रुळाला कान लावला आणि तसेच बराच वेळ राहिले.

"गिरणीकर, गुणगुण लागतेय."

"मेल गेली असेल, मालक."

"रूळही चकाकतायत."

"मेलनंच घासले असणार."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या नवशिक्या वैद्याकडे बघावं. पण मी 'स्वतः पाहिलंय' म्हटलं होतं. त्यांनी फलाट झाडला, पाटी गिरवली, खिडकीला झेंडू बांधला, कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून बाहेर काढलं आणि टोपण हातात घेतलं. "श्रीराम जयराम..."

दुसऱ्या जपाला खिडकीतून एक हात बाहेर आला. त्यानं माळ चाचपली.

"कोन हाय रं? तिकीट पायजे का?"

मालकांनी टोपण लावलं आणि मान न वळवता म्हणाले, "तुमचं मयत बोलतंय."

आतून स्टेशन मास्तर आले. अंगात बनियन, वर कंपनीचा कोट, डोळ्यांवर झोप. विट्याकडचा माणूस. भाऊबंद सगळे सोन्याच्या धंद्यात दूरदूरच्या शहरांत गेलेले, हा एकटा रेल्वेत. "त्ये सोनं गाळत्यात, मी हितं घाम गाळतुया," हे त्यांचं आवडतं वाक्य, ते नंतर आम्ही पुष्कळदा ऐकलं. आत्ता त्यांनी माळ हातात घेतली, ताजी रंगवलेली पाटी पाहिली, आणि चेहरा उजळला.

"हार? माझी बदली झाली का काय?"

इथं शहाण्यानं 'हो' म्हणून हात मिळवला असता. मी म्हणालो, "नाही हो. आम्ही फक्त बंद पडलेल्या स्टेशनांचे फोटो काढतो."

मास्तर मटकन मालाच्या काट्यावर बसले. शेळीला उतरावं लागलं.

"म्हंजी हुकूम आला म्हना की. वरनं पत्र आलं व्हतं, उतारू न्हाईत, इचार चाललाय म्हनून. पर माझ्या आदी तुमास्नी कळावं?"

आम्ही कितीही समजावलं तरी आता उपयोग नव्हता. सायकलवरून चाललेल्या एका पोरानं तेवढं ऐकलं आणि गावात जाऊन ओरडला. बघता बघता सगळं गाव फलाटावर. "कोन मेलं?" "टेसान मेलं!" "कवा?" "आत्ता. मेल्याचं फोटू काढनारा आलाय बगा." मालकांची कीर्ती तिथवर पोचलेली होती. गावातल्या दोघातिघांचे वाडवडील त्यांनीच शेवटचे विंचरले होते.

पाटील पुढं झाले. "का वं फोटूवाले, मेल्यांचं काढता, आमी काय बोललो का? मग जित्त्या टेसनाला हार घालायला कुनी सांगितलं?"

मालकांनी बोट माझ्याकडे केलं. धंद्यातला माणूस, नेम चुकत नसे.

गर्दीतून एक म्हातारी वाट काढत आली. पांढऱ्या फडक्यात भाकरी बांधलेली, ते गाठोडं छातीशी. मास्तरांनी हळूच सांगितलं, हिचा एकुलता एक पोरगा पलटणीत आहे, इथूनच गाडीत बसून लढाईवर गेला. तेव्हापासून ही रोज दुपारच्या गाडीला येते, इंजिनापासून गार्डापर्यंत एकेका खिडकीला भाकरी दाखवत चालते. पोरगा भुकेला असंल, म्हणते. गाडी गेली की ती भाकरी मास्तरांना. म्हणजे मास्तरांचं जेवणही याच स्टेशनावर अवलंबून होतं.

म्हातारी कोणावर रागावली नाही. तिनं मालकांना एवढंच विचारलं, "दादा, टेसान न्हाई ऱ्हायलं तर गाडी थांबल का?"

"नाही थांबणार."

"मग माझा पोरगा उतरंल कुटं? त्याला वाचाया येत न्हाई. ह्या चिचंवरनंच वळखतो त्यो गाव. गाडी तशीच गेली तर पुन्याला जाईल की त्यो."

पाटलांनी घसा खाकरला. "आता आसं करायचं. दुपारची गाडी यील. समदं गाव गाडीपाशी हुबं ऱ्हाईल, उतारू म्हनून. तुमी जित्त्या टेसनाचा फोटू काढायचा. मास्तर त्यो वर धाडतील. बगू दे सायबाला उतारू हायत का न्हाईत."

"मी हलणारं काढत नाही," मालक म्हणाले.

"आमी न्हाई हलनार!" पाटील म्हणाले. "काय रं, हलशीला का?"

"न्हाई!" सगळं गाव.

"जिवंत माणूस हलतो," मालक म्हणाले. "ते त्याच्या हातात नसतं. शिवाय काच एकच उरलीय."

म्हातारीनं गाठोडं सोडलं, एक भाकरी काढली, वर चटणी ठेवली आणि मालकांच्या हातात दिली. "उनातनं आलाय. खावा आदी."

मालक त्या भाकरीकडे बघत राहिले. मयताच्या दारात अन्न घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम मला ठाऊक होता. भाकरी खाल्ली तर स्टेशन जिवंत ठरणार होतं. त्यांनी तुकडा मोडला. तोंडात घातला. मग बाजूला काढून ठेवलेल्या वहाणा घातल्या आणि म्हणाले, "गिरणीकर, कॅमेरा जरा मागं घ्या. गाडी मावायला पाहिजे."

त्यानंतर जे झालं त्याला फोटो म्हणायचं की वरात, ठाऊक नाही. पाटलांनी लोकांना ओळीत लावलं. कोणी ट्रंक आणली, कोणी गुळाची ढेप, कोणी कोंबड्या. एकानं घरातला पाळणा आणला. "उतारूवानी दिसा रं! त्वांडं सुतकी करू नगासा!" हे ऐकून सगळ्यांची तोंडं सुतकी झाली. गाडी आली तशी ड्रायव्हर इंजिनातून वाकून ओरडला, "मास्तर, कुनाचं लगीन?"

"गप हुबा ऱ्हा रं गड्या! येक फोटू व्हऊ दे!"

गार्डानं शिट्टी तोंडाला लावली, ती पाटलांनी सन्मानानं काढून घेतली. मालक कापडातून बाहेर आले. "आता कोणी श्वास घ्यायचा नाही!" आणि टोपणाला हात घालता घालता त्यांना आठवलं. ते माझ्याकडे बघून ओरडले, "गिरणीकर, म्हातारीला धरा!"

मी धावलो. गर्दीत शिरलो, म्हातारी दिसली, दोन्ही दंड घट्ट धरले आणि पुतळा होऊन उभा राहिलो. माझ्यामुळे झालं होतं, आता माझ्यामुळे बिघडणार नाही, असा मी निश्चय केला होता. म्हातारीही समंजस. पापणी हलवली नाही. तीन जप झाले, टोपण लागलं, गावानं एकदम श्वास सोडला, आणि माझ्या मिठीतली म्हातारी म्हणाली, "आता सोड की मुडद्या! पाटलाची आई हाय मी!"

आमची म्हातारी तोवर पार गार्डाच्या डब्यापाशी पोचली होती.

सांगलीला आल्यावर मालकांनी काच धुतली. लाल दिव्याच्या उजेडात मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. सगळं गाव उमटलं होतं, काळ्या दगडात कोरल्यासारखं. कोंबड्यासुद्धा स्वच्छ. पाटलांच्या मातोश्रींना धरलेला मी तर इतका स्वच्छ, की माझ्या तोंडावरचं समाधान दिसत होतं. आणि गाडीच्या अंगावरून, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत, खिडक्यांच्या उंचीवर एक धुराचा पट्टा.

"हलली," मी म्हणालो. मला माझ्या कानात शिरणारा वारा आठवला. "माझ्या खिडकीत बसेल का हो?"

मालकांनी काच वाळत ठेवली आणि तिच्याखाली स्वतःच्या उपरण्याचा पदर पसरला.

फोटो मास्तरांकडे गेला आणि तिथून वर. पुढचं मास्तरांनीच नंतर सांगितलं. वरच्या साहेबानं फोटो पाहिला आणि त्याला घाम फुटला. त्या दिवसांत आमच्या मुलखात चळवळीवाले रोज कुठं ना कुठं तारा तोडत होते, पोलिसांची झोप उडाली होती. आणि इथं एक अख्खं गाव सरकारी गाडीपुढं, हूं की चूं न करता, दात आवळून, सरळ समोर बघत उभं! ही माणसं कसली तरी शपथ घेतायत, असं साहेबाचं मत पडलं. ताबडतोब त्या स्टेशनावर एक हवालदार आणि चार शिपाई नेमले गेले. त्यांना यायला-जायला गाडी हवी, शिधा आणायला गाडी हवी, 'सर्व शांत' असा रोजचा कागद पाठवायला गाडी हवी. स्टेशन बंद करायचा विचार फायलीतच वारला. लोक गाडीत बसतात म्हणून स्टेशन ठेवा, हे वर कधी पटलं नसतं. लोक नुसते उभे राहतात म्हणून पटलं.

मलाही एकदा चौकीवर बोलावणं आलं. फोटो पुढं ठेवून फौजदारांनी विचारलं, "ही बाई कोण? तिला तुम्ही कुठं पळवून नेत होता?"

मालक कुठल्याही स्टेशनावर दुसऱ्यांदा जात नसत. मयताला दोनदा भेटत नाहीत, म्हणायचे. पण म्हातारीला फोटो बघायचाय असा मास्तरांचा निरोप आला, तेव्हा त्यांनी एक मोठी प्रत काढली, चौकटीत बसवली आणि आम्ही निघालो. ह्या खेपेला गाडीनं, आणि उतरलो थेट त्याच स्टेशनावर. मालक वहाणा घालून फलाटभर हिंडले. हवालदारानं सलाम केला.

चिंचेखाली फोटोभोवती गाव जमलं. "ह्यो मी!" "ही माजी ढेप!" "ही पाटलाची आई, आन् ह्यो तिला धरल्याला येडा!" सगळे सापडले. म्हातारी चौकटीवर बोट फिरवत होती. तिचं गाठोडं मांडीवर.

"ह्यात मी कुटं हाय?"

"तू न्हाईस म्हातारे," कोणीतरी म्हणालं. "तू हललीस."

मालक धोतर सावरत तिच्याशेजारी खाली बसले. त्यांनी तिचं बोट धरलं आणि इंजिनावर ठेवलं. "इथून तुम्ही." मग ते बोट त्या पांढऱ्या पट्ट्यावरून सावकाश सरकवत शेवटच्या डब्यापर्यंत नेलं. "इथपर्यंत. ही सगळी तुम्हीच, आई."

"ही धुरावानी?"

"हो."

"समद्या खिडक्यास्नी?"

"सगळ्या."

म्हातारीनं डोळे बारीक करून पुष्कळ वेळ बघितलं. मग मान हलवली. "मग झ्याक झालं. कंच्याबी डब्यातनं डोकावू दे, त्याला म्होरं मीच दिसंन."

रुळांमध्ये गुणगुण सुरू झाली. ती हात टेकून उठली, फडकं सारखं केलं आणि गाडी यायच्या आतच फलाटाच्या इंजिनाकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

माझ्या खिडकीचं ते फुटलेलं तावदान शेवटपर्यंत रिकामं राहिलं.